एका रुग्णाच्या कार्डावर किती ओव्हरहेड? जॉब कॉस्टिंगवाल्यांनो, या

कच्चीनोंद

नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या हिशेब खात्यात आहे, त्यामुळे प्रश्न पोटापाण्याचा आहे, परीक्षेचा नाही.

आमच्याकडे प्रत्येक रुग्णाचा खर्च वेगळा काढायचं ठरलंय. म्हणजे जॉब कॉस्टिंगच. छापखान्यात जसं प्रत्येक ऑर्डरचं जॉब कार्ड असतं, तसं इथे प्रत्येक ॲडमिशनचं कार्ड. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांचं साहित्य सरळ कार्डावर चढतं, त्यात अडचण नाही. अडचण आहे ती उरलेल्या सामायिक खर्चाची, म्हणजे ओव्हरहेडची. वीज, जनरेटर, लाँड्री, सफाई, नोंदणीची खिडकी, रेकॉर्ड रूम, निर्जंतुकीकरण, इमारतीचा घसारा आणि हो, माझा पगारसुद्धा. हे कोणाच्या कार्डावर किती टाकायचं?

सध्या वर्षारंभी अंदाज बांधून एकच दर काढलाय. आकडे गोल केलेत, चलन कुठलंही समजा. अंदाजित ओव्हरहेड ६०,००,०००, अंदाजित बेड-डे (एक खाट एक दिवस भरली की एक) १२,०००, म्हणून बेड-डेला ५००. आता दोन कार्डं बघा.

गुडघ्याचं रोपण, ४ दिवस मुक्काम, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) २ तास: ओव्हरहेड २,०००.
न्यूमोनिया, ८ दिवस मुक्काम, ओटीचं दारही पाहिलं नाही: ओव्हरहेड ४,०००.

अस्थिविभाग खूश. मेडिसिनचे डॉक्टर कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "आमच्या पेशंटने ओटीच्या एसीची हवा कधी खाल्ली?" मला उत्तर सुचत नाही असं नाही. चार सुचतात आणि चारही पटतात. तुम्ही काय करता?

तिरकस

पहिला! पुढचं वाचून मग मत देतो.

शून्यशेष

चारही पटतात म्हणजे तुम्ही योग्य धंद्यात आहात. :)

घोळ एका दरात आहे. ६० लाखांचा एकच ढीग करून बेड-डेने भागलात, म्हणजे ओटीचे दिवे, भूलयंत्र, निर्जंतुक कपडे सगळं खाटेवर झोपण्यामुळे खर्च होतं असं तुम्ही म्हणताय. निदान तीन ढीग करा. फोड माझ्या मनाची, बेरीज तुमची:

वॉर्डचा ढीग ३६,००,०००, भागिले १२,००० बेड-डे: दिवसाला ३००.
ओटीचा ढीग १८,००,०००, भागिले १,५०० ओटी-तास: तासाला १,२००.
नोंदणी, बिलिंग, रेकॉर्ड ६,००,०००, भागिले ३,००० ॲडमिशन: डोई २००.

गुडघा: ४ × ३०० + २ × १,२०० + २०० = ३,८००.
न्यूमोनिया: ८ × ३०० + २०० = २,६००.

पारडं फिरलं. खर्च तेवढाच, हॉस्पिटल तेच, फक्त भाजक बदलला. आता अस्थिविभाग तुमच्या टेबलाशी येईल, तयारीत राहा.

भूलथापा

मी भूलतज्ज्ञ आहे (आयडीवरून ओळखलं असेलच). दोन गोष्टी.

पहिली: ओटी महाग का, तर रुग्ण आत असो नसो, ती ओटी म्हणून राखावी लागते. हवा गाळून तासाला १५ ते २० वेळा बदलायची, दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवायचा, तापमान-आर्द्रता सांभाळायची. त्यामुळे मेडिसिनवाल्यांचं म्हणणं मला मान्य. आमची हवा त्यांच्या पेशंटला नको.

दुसरी: रुग्णाला "जॉब" म्हणताना तुम्हाला काहीच वाटत नाही का? छापखान्याची पत्रिका आणि ताप आलेला माणूस एका मापाने मोजायचे?

जुनीवही

डॉक्टरसाहेब, जॉब हा शब्द खटकत असेल तर "प्रकरण" म्हणा. तुम्हीही दिवसभर "आज सात केसेस आहेत" म्हणताच की. प्रत्येक काम दुसऱ्यापेक्षा वेगळं असेल तर कामागणिक कार्ड, आणि सगळी कामं सारखीच असतील तर एकूण खर्च भागिले नग, एवढाच अर्थ. माणूस माणसासारखा नसतो म्हणूनच तर हॉस्पिटलला जॉब कॉस्टिंग लागतं. हा अपमान नाही, उलट मान आहे.

तुमच्याकडेही एखाद्या विभागाला दुसरी पद्धत चालेल. डायलिसिसची सत्रं बऱ्यापैकी एकसारखी असतात. तिथे प्रत्येकाचं कार्ड उघडत बसण्यात अर्थ नाही.

तिरकस

वाचलं. पाठ्यपुस्तकात याला "ओव्हरहेडचं अवशोषण" म्हणतात ना? आणि ते रुग्णावर करतात? मग त्यातला "अव" कुणासाठी ठेवलाय?

शून्यशेष

@तिरकस, तो "अव" लेखापरीक्षकांसाठी. :D

पण गमतीत एक मुद्दा आलाच आहे तर सांगतो, कारण या धाग्यावर पुढे नक्की भांडण होणार. कार्डावरचा आकडा म्हणजे खर्च. बिल नव्हे. बिलात किती लावायचं हे दरपत्रक, विमा करार, हॉस्पिटलचं धोरण ठरवतं. आपण फक्त संस्थेचं या रुग्णावर काय खर्ची पडलं ते शोधतोय.

भूलथापा

हे बरं झालं सांगितलंत. पण मग बिल खर्चावर ठरत नसेल तर एवढा खटाटोप कशाला?

जुनीवही

याचं उत्तर इतिहासात आहे. जरा लांबेल, चष्मे लावा.

अमेरिकेत वृद्धांसाठीची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना १९६६ ला सुरू झाली तेव्हा हॉस्पिटलला झालेला वाजवी खर्च सरकार भरून द्यायचं. अशा वेळी ओव्हरहेडची वाटणी म्हणजे वसुलीचं हत्यार. ज्या विभागात मेडिकेअरचे रुग्ण जास्त, तिकडे नियमात बसेल तितका ओव्हरहेड सरकवण्याचा मोह होणारच. १९८३ पासून आंतररुग्णांसाठी चित्र पालटलं. आजाराच्या गटानुसार आधीच ठरलेली रक्कम, ज्याला डीआरजी म्हणतात. हे गट येल विद्यापीठात फेटर आणि थॉम्पसन यांनी बांधले होते, आणि मुळात पैसे देण्यासाठी नव्हे, तर हॉस्पिटल नेमकं काय "उत्पादन" करतं हे कळावं म्हणून. तर एकदा रक्कम बांधली गेली की प्रश्न उलटा होतो. या रकमेत आपला रुग्ण बसतो का? न्यूमोनियात आपण कमावतो की घालवतो? ते कळायला कार्ड लागतं, आणि कार्डावर ओव्हरहेड चुकीचा असेल तर फायद्याचा विभाग बंद करून तोट्याचा वाढवला जातो. वरच्या उदाहरणात एका भाजकाने काय केलं ते पाहिलंत.

सेमिस्टरपाच

मी विद्यार्थिनी आहे, प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या. दर वर्षाच्या सुरुवातीला अंदाजानेच का काढायचा? वर्ष संपल्यावर खरा आकडा येतोच ना?

शून्यशेष

बाळबोध अजिबात नाही. जूनमध्ये घरी गेलेल्या रुग्णाचा खर्च वर्षअखेरीपर्यंत अधांतरी ठेवता येत नाही, हे एक. दुसरं असं की महिन्या-महिन्याला खरा दर काढला तर साथीच्या महिन्यात हॉस्पिटल भरलेलं असतं, दर खाली येतो. सुस्त महिन्यात तोच इलाज "महाग" दिसतो. रुग्णाचा दोष एवढाच की तो गर्दी नसताना आजारी पडला.

म्हणून वर्षाचा एक अंदाजी दर धरायचा. वर्षअखेरीला कार्डांवर चढवलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च जुळत नाहीच. कमी चढवला असेल तर न्यून आकारणी, जास्त असेल तर अधिक आकारणी. फरक किरकोळ असेल तर थेट त्या वर्षाच्या सेवाखर्चात टाकून मोकळं व्हायचं.

सेमिस्टरपाच

धन्यवाद सर. कारखान्यात तो फरक चालू काम, तयार माल आणि विकलेला माल यांत विभागतात असं शिकलोय. हॉस्पिटलमध्ये तयार माल कुठला?

तिरकस

डिस्चार्ज मिळालाय पण रिक्षा मिळत नाही तो. (हलके घ्या)

शून्यशेष

हाहा. तयार माल नाहीच, सेवा गोदामात ठेवता येत नाही. पण चालू काम मात्र असतं. वर्षाच्या शेवटच्या मध्यरात्री जे रुग्ण खाटेवर आहेत ते सगळे चालू काम. त्यांची कार्डं उघडी असतात, आणि हिशेब काटेकोर ठेवायचा तर फरकाचा थोडा वाटा त्यांच्याकडेही जातो.

समीकरण

ढीग तीन केलेत, ठीक. पण वॉर्डच्या ढिगात ३६ लाख आले कुठून? लाँड्री, सफाई, प्रशासन हे विभाग रुग्णाला हात लावत नाहीत. त्यांचा खर्च आधी वॉर्ड आणि ओटीवर उतरवायला लागतो, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांचीही कामं करतात. सफाईवाले लाँड्री झाडतात, लाँड्री सफाईवाल्यांचे गणवेश धुते. मग कोण कुणाला बिल लावणार?

तीन रस्ते आहेत. थेट पद्धत: आपसातलं विसरा, सगळं सरळ वॉर्ड-ओटीवर. पायरी पद्धत: ज्याची सेवा सगळ्यात जास्त जणांना त्याला आधी रिकामा करा, मग पुढचा, रिकामा झालेल्याकडे परत जायचं नाही. मेडिकेअरच्या खर्च अहवालात हीच पायरी पद्धत चालते. आणि तिसरी परस्पर पद्धत, जी एकटीच प्रामाणिक आहे.

उदाहरण करून दाखवतो. लाँड्रीचा स्वतःचा खर्च ८०,०००, सफाईचा १,८०,०००. लाँड्रीचं २०% काम सफाईसाठी, सफाईचं १०% काम लाँड्रीसाठी.

ला = ८०,००० + ०.१ × स
स = १,८०,००० + ०.२ × ला

सोडवलं की ला = १,००,०००, स = २,००,०००. किती सुंदर!

तळमजला

दोघांचा मिळून खर्च २,६०,००० होता, तुमची बेरीज ३,००,००० आली. वरचे ४०,००० कुठल्या खिशातून काढले?

समीकरण

ते आपसातले आहेत, दोनदा मोजले गेलेत. बाहेर जाताना लाँड्री फक्त ८०% देते म्हणजे ८०,०००, आणि सफाई ९०% म्हणजे १,८०,०००. बेरीज परत २,६०,०००.

तळमजला

म्हणजे एवढी समीकरणं सोडवून पुन्हा ८०,००० आणि १,८०,०००?

समीकरण

...

हो. उत्तर गुळगुळीत यावं म्हणून आकडे निवडले, आणि त्या नादात दोघांची देवाणघेवाण बरोबर २०,००० - २०,००० झाली. अशी फिट्टंफाट नसते तेव्हा फरक पडतो, विशेषतः एक विभाग दुसऱ्यासाठी खूप राबत असेल तेव्हा. पण आज माझी अब्रू गेली हे मान्य.

तळमजला

राहू द्या हो. आमच्या इमारतीत हेच चाललंय. तळमजलेवाले म्हणतात लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे आम्ही का द्यायचे. मीही त्यांतलाच.

जुनीवही

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पिता ना? टाकी साफ करायला माणूस लिफ्टनेच जातो.

तळमजला

आता तुम्ही परस्पर पद्धत काढू नका. :|

रात्रपाळी

वाचत होते, बोलायचं नव्हतं. पण "बेड-डे" हा शब्द विसाव्यांदा वाचला आणि राहवलं नाही.

वीस वर्षं वॉर्डात सिस्टर आहे. तुमचा बेड-डे ज्याने शोधला त्याने एक रात्र माझ्यासोबत काढावी. ७ नंबरला पित्ताशय काढलेला तरुण, दुसरा दिवस. साडेदहाला दुखण्याचं इंजेक्शन दिलं की सकाळपर्यंत घोरतो. मधे एकदा बीपी, एकदा ताप. ८ नंबरला पक्षाघाताच्या आजी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होणार. एकटीने होत नाही, मावशींना हाक मारावी लागते. नळीतून फीड, सक्शन, लघवीचं माप. तीन वाजता चादर ओली, म्हणजे पुन्हा सगळं. रात्रभरात ७ नंबरला पंधरा मिनिटं गेली असतील. ८ नंबरला मोजायचं धाडस मी केलेलं नाही.

आणि तुमच्या कार्डावर दोघांनाही ३००.

कच्चीनोंद

ताई, हे वाचून खरंच ओशाळलो. आमच्याकडे नर्सिंगचा पगार वॉर्डच्या ढिगातच आहे. म्हणजे थेट मजुरी म्हणून जो सगळ्यात मोठा आकडा कार्डावर हवा, तोच आम्ही ओव्हरहेडमध्ये ढकललाय.

शून्यशेष

बहुतेक ठिकाणी हेच असतं, खाटेच्या भाड्यात नर्सिंग गुंडाळलेलं. उपाय आहे. रुग्णांच्या श्रेणी करा. स्वतःचं स्वतः करणारा १, थोडी मदत लागणारा २, पूर्ण अवलंबून असलेला ४. नर्सिंगचा खर्च नुसत्या दिवसांनी न भागता या भारित दिवसांनी भागा. मग ताईंच्या ८ नंबरला ७ नंबरच्या चौपट नर्सिंग लागेल. गुणांक प्रत्यक्ष वेळ बघून ठरवायचे, माझे नुसते नमुन्याला.

रात्रपाळी

आणि श्रेणी भरणार कोण? आणखी एक फॉर्म सिस्टरच्या गळ्यात? फॉर्म भरण्यात जी वेळ जाते ती कुठल्या ढिगात टाकता?

जुनीवही

ताईंनी नस पकडली. १९८० च्या दशकात कूपर आणि कॅप्लन यांनी कामांवर आधारित खर्चपद्धत मांडली, तेव्हा लोकांना मुलाखती घेऊन विचारायचे, "तुमचा किती टक्के वेळ कुठल्या कामात जातो?" उत्तरांची बेरीज नेहमी शंभर! कुणीही म्हणत नाही की माझा दहा टक्के वेळ रिकामा जातो. शिवाय दर काही महिन्यांनी पुन्हा तीच मुलाखत. लोक कंटाळले. २००४ मध्ये कॅप्लन आणि अँडरसन यांनी ती पद्धत सोपी केली. दोनच गोष्टी विचारायच्या: या विभागाचं एक मिनिट कितीला पडतं, आणि या कामाला किती मिनिटं लागतात. २०११ मध्ये कॅप्लननी मायकल पोर्टर यांच्यासोबत हेच हॉस्पिटलला लावून दाखवलं, रुग्णाच्या दारातून आत येण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत कोण किती मिनिटं देतं ते.

श्रेणीसाठी नवा फॉर्म नको. पाळी बदलताना तुम्ही पुढच्या सिस्टरला तोंडी सांगताच ना, "८ कडे लक्ष ठेव"? ती नोंद वहीत असेल तर तीच वापरायची.

रात्रपाळी

वहीत असते. लाल पेनाने.

भूलथापा

जुनीवही, त्या "रिकाम्या दहा टक्क्यांवर" थांबू या. समजा वर्षभर रुग्ण कमी आले. १२,००० ऐवजी ९,००० बेड-डे. मग दर?

शून्यशेष

मूळ एकेरी दराने ६०,००,००० भागिले ९,०००, म्हणजे साधारण ६६७. आता दर बघून कुणी म्हणालं "हा विभाग परवडत नाही" आणि बंद केला, तर त्याचा घसारा, वीज, प्रशासन उरलेल्यांच्या माथी. पुढच्या वर्षी ते परवडत नाहीत. असं करत करत शेवटी एकच रुग्ण उरतो आणि सगळी इमारत त्याच्या नावावर.

म्हणून भाजक अपेक्षित रुग्णांचा नको, व्यवहार्य क्षमतेचा हवा. वॉर्डचे ३६,००,००० घ्या. खाटा ४० धरल्या तर ३६५ दिवसांचे १४,६०० बेड-डे होतात. दुरुस्ती, सफाई, अदलाबदल वगळून १३,५०० म्हणू. दर २६७ च्या आसपास. प्रत्यक्ष १२,००० भरले तर कार्डांवर ३२,००,००० चढतील. उरलेले ४,००,००० कुठल्याच रुग्णाचे नाहीत. ते "न वापरलेली क्षमता" म्हणून वेगळ्या ओळीत, व्यवस्थापनाच्या नजरेसमोर. आजारी माणसाने शेजारच्या रिकाम्या खाटेचं भाडं का सोसावं?

भूलथापा

इथे मी पूर्ण असहमत. आयसीयूतली रिकामी खाट "न वापरलेली" नाही. ती वापरात आहे. रात्री दोनला अपघात येईल त्याच्यासाठी ती वाट बघते आहे. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा आहे म्हणून तुम्ही त्याला वाया म्हणता का? तुमच्या वेगळ्या ओळीत ४ लाख दिसले की पुढच्या बैठकीत कुणीतरी टाय लावून येईल आणि दोन खाटा कमी करा म्हणेल.

शून्यशेष

मग सज्जतेचीही वेगळी ओळ करा. पण एका ओळीत सज्जता आणि ढिसाळपणा दोन्ही लपवू नका. रात्री दोनसाठी किती खाटा हव्यात हे तुम्ही डॉक्टरांनी ठरवा, ती सज्जता. त्यावरची रिकामी ती रिकामी.

भूलथापा

आणि त्या सज्जतेचे पैसे कुणाच्या कार्डावर? आयसीयूत आलेल्यांच्या? सज्जतेचा फायदा तर न आलेल्यांनाही आहे.

शून्यशेष

माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी आयसीयूच्या दरात घालतो आणि मनात खंत ठेवतो.

जुनीवही

या वादाला एक आकडा देतो. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलच्या खर्चाचा अभ्यास १९९९ ला जामा नियतकालिकात आला होता. एकूण खर्चापैकी ८४ टक्के स्थिर निघाला. इमारत, यंत्रं, पगार. रुग्ण एक दिवस आधी घरी गेला तर खरोखर वाचतो तो उरलेल्या १६ टक्क्यांतला तुकडा, म्हणजे औषधं आणि साहित्य. "एक दिवस कमी केला, बेड-डेचे ५०० वाचले" असं कुणी सादरीकरणात म्हणालं तर हात वर करून विचारा, कुठे वाचले? वीजबिल कमी आलं का?

सेमिस्टरपाच

म्हणजे सरासरी खर्च आणि वाढीव खर्च वेगळे?

जुनीवही

अगदी. त्यावरचं गाजलेलं उदाहरण १९७५ चं. आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाची तपासणी सलग सहा वेळा करायची शिफारस होती. न्यूहाउजर आणि लेविकी यांनी हिशेब मांडला. सहाव्या फेरीपर्यंत सापडलेल्या रुग्णामागे सरासरी खर्च सुमारे २,४५१ डॉलर. ठीकच वाटतो. पण नुसत्या सहाव्या फेरीने जो जास्तीचा रुग्ण सापडतो त्याच्यामागे वाढीव खर्च ४ कोटी ७० लाख डॉलरच्या वर! पुढे त्यातल्या गृहीतकांवर टीकाही झाली, पण सरासरी कशी झाकते ते इतकं लख्ख दुसरीकडे दिसत नाही.

तिरकस

सहा वेळा?? ही सेवा गोदामात ठेवता येते वाटतं.

समीकरण

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (जे लिहिलं होतं ते तिरकस यांच्याहून वाईट होतं.)

कच्चीनोंद

मंडळी, मूळ प्रश्नावर परत येतो, कारण मी तीन ढिगांचा प्रयोग करून पाहिला आणि फसलो. शून्यशेष यांची फोड आमच्या पुस्तकांशी आश्चर्यकारकरीत्या जुळली, त्यामुळे दर तेच ठेवले. गेल्या तिमाहीच्या सगळ्या केसेस मागे जाऊन नव्या दराने चढवल्या. वॉर्ड जुळला, नोंदणी जुळली. ओटी मात्र बोंबलली.

तिमाहीला ३७५ तास अपेक्षित (१,५०० चा चौथा हिस्सा), म्हणजे ४,५०,००० चढायला हवे होते. प्रत्यक्ष खर्चही तेवढाच झाला. कार्डांवर चढले ६,३०,०००. तास मोजले तर ५२५. शस्त्रक्रिया मात्र अंदाजाइतक्याच, एकही जास्त नाही. दोनदा बेरीज केली. १,८०,००० ची अधिक आकारणी कुठून आली? सर्जन अचानक हळू झाले का?

शून्यशेष

अंदाजच चुकला असेल. पुढच्या वर्षी २,१०० तास धरा.

रात्रपाळी

थांबा. तास कुठल्या घड्याळाचे?

मी तीन वर्षं ओटीतही होते. सर्जनच्या नोटमध्ये वेळ असते ती चीर दिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत. आमच्या ओटी रजिस्टरला ट्रॉलीचं चाक आत आल्यापासून वेळ लागते. मग भूल, पोझिशन, ड्रेपिंग, शस्त्रक्रिया, शुद्धीवर आणणं, चाक बाहेर, आणि त्यानंतर लादी-टेबल पुसून ओटी पुन्हा तयार होईपर्यंत. तेव्हा आम्ही खोली मोकळी असं लिहितो. तुमचे १,५०० कुणी दिले आणि कार्डावरचे कुठून घेतले?

भूलथापा

ताई, वाकून नमस्कार. चीर देण्याआधीचा तो सगळा वेळ माझा असतो आणि सर्जनच्या नोटमध्ये मी अस्तित्वातच नसतो.

कच्चीनोंद

आत्ता खाली जाऊन दोन्ही कागद बघून आलो. ताई, हुबेहूब तेच. वर्षाचा १,५०० चा अंदाज सर्जनच्या नोटांवरून बांधला होता, कारण त्या संगणकात आहेत. कार्डावर चढवताना मुलांनी ओटी रजिस्टर घेतलं, कारण ते हाताशी होतं. भाजक एका घड्याळाचा, गुणक दुसऱ्याचा.

आता दोन्हीकडे रजिस्टरचं घड्याळ. १८,००,००० भागिले २,१००, तासाला साधारण ८५७. आणि इथे आणखी एक गोष्ट बाहेर आली. गुडघ्याचे नोटमधले २ तास रजिस्टरमध्ये २ तास ४० मिनिटं आहेत. सगळं नोटांवरच चाललं असतं तर त्याच्यावर २,४०० लागले असते, आता २,२८६ लागतात. थोडा स्वस्तच झाला. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नोटमध्ये २० मिनिटं आणि रजिस्टरमध्ये ४०. ती ४०० वरून ५७१ वर गेली. झाडपूस आणि तयारी छोट्या शस्त्रक्रियेलाही लागतेच, ती आजवर मोठ्यांच्या खात्यावर जात होती.

तिरकस

म्हणजे आता अस्थिविभाग शांत, मेडिसिन शांत, आणि...

कच्चीनोंद

नेत्रविभाग. एका केसला १७१ जास्त, आणि त्यांच्या दिवसाला बारा असतात. उद्या अकराला बोलावलंय, "ते रजिस्टर घेऊन या" म्हणालेत.

रात्रपाळी

अकराला शस्त्रक्रियांची लिस्ट चालू असते. सिस्टरला विचारून, सही करून न्या, आणि बाराच्या आत परत आणा. नाहीतर त्या दिवसाच्या वेळा कुणीच लिहिणार नाही.